भांड्यावर नाव, कागदावर कुणाचं?

परवा पेठेतून येताना आणखी एका दुकानाच्या शटरवर ‘गाळा भाड्याने देणे आहे’ अशी पाटी दिसली. चाळीस-पन्नास वर्षांचं जुनं कटलरीचं दुकान. बांगड्या, रिबिनी, पिना, टिकल्या... गावातली प्रत्येक जण कधी ना कधी त्या पायरीवर उभी राहिलेली. शेजारचा पानवाला म्हणाला, ‘‘काय करणार ताई, ऑनलाइननं मारलं बघा.’’ मी मान डोलावली. पण घरी येईपर्यंत ते वाक्य काही डोक्यातून जाईना. कारण दोन वर्षांपूर्वीपर्यंत संक्रांतीच्या आधी वाणाचं सामान घ्यायला तिथे उभं राहायला जागा नसायची, हे मीच बघितलेलं. मग मारलं कुणी? वडील गेले आणि दोन भावांचं बोलणं बंद झालं. गल्ल्याची किल्ली एकाकडे, गोडाऊनची दुसऱ्याकडे. माल भरणं थांबलं. गिऱ्हाईक दोनदा रिकाम्या हातानं परत गेलं, तिसऱ्यांदा आलंच नाही.

मोबाइलवरच्या खरेदीचा, मोठ्या मॉलचा फटका बसत नाही असं मी म्हणणार नाही. बसतोच. पण आपल्यासारख्या तालुक्याच्या गावात घरचं दुकान बाहेरच्यांपेक्षा घरातल्यांमुळेच लवकर बंद पडतं, असं माझं आता ठाम मत झालं आहे. आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकतं, तेही घरातल्यांमुळेच. त्यात पुष्कळदा अशा एका माणसामुळे, की जिचं नाव दुकानाच्या एकाही कागदावर नसतं. मैत्रिणींनो, हे मी पुस्तक वाचून सांगत नाही. आमच्या घरावर ती वेळ येऊन गेली.

आमचं सासरचं दुकान भांड्यांचं. आजेसासऱ्यांनी १९५४ साली काढलेलं. तेव्हा सगळा माल तांब्या-पितळेचा. हंडे, कळश्या, घंगाळं, पराती. पुढे सासऱ्यांनी, आम्ही त्यांना नाना म्हणत असू, स्टील आणलं. मग कुकर आले, नॉनस्टिक आलं, आता इंडक्शनवर चालतो का तळ, असं विचारणाऱ्या सुना येतात. धंदा मुख्य तो लग्नसराईचा आणि धनत्रयोदशीचा. बाकीचे महिने मोड घ्यायची, किलोवर भांडी द्यायची आणि वाट बघायची.

नाना दुपारी जेवून झोपत. त्या वेळी, म्हणजे एक ते चार, दुकान सासूबाईंकडे. आता ही दुपारची वेळ म्हणजे बायकांच्या खरेदीची वेळ! पोरं शाळेत, पुरुष कामावर. त्यामुळे रुखवताच्या याद्या व्हायच्या त्या सासूबाईंसमोर. कुणाच्या मुलीचं लग्न कधी, कुणाला पाच भांड्यांचा सेट परवडेल, कुणाला खरं तर परवडत नाही पण व्याह्यांसमोर मान राखायचा आहे, हे सगळं त्यांच्या डोक्यात. जुन्या पितळेची मोड हातात घेतली की वजनाआधीच त्या अंदाज सांगत, आणि काटा फार काही वेगळं बोलत नसे. भांड्यांवर नाव घालायचं मशीन आलं, तेव्हा ते नानांच्या हातात थरथरायचं. सासूबाईंच्या नाही. त्यामुळे गावातल्या निम्म्या घरांतल्या तांब्यांवर, ताटांवर ‘चि. सौ. कां.’ पासून ‘आत्याकडून’ पर्यंत जी अक्षरं आहेत, ती त्यांची आहेत. उधारीची कच्ची वही दुपारपुरती त्याच लिहीत.

आणि याला घरात म्हणत काय? ‘‘आई दुकानात बसते.’’ बघा हं, शब्दसुद्धा कसा असतो. पुरुष दुकान चालवतो, बाई दुकानात बसते!

हे फक्त आमच्याकडे नाही. मोठे झालेले घरगुती धंदे उलगडून बघितले, तर कुठे तरी असा एक हात सापडतो. पुण्यात १९६२ साली हुकमीचंद आणि कमलबाई चोरडिया या जोडप्यानं मसाल्यांचा धंदा सुरू केला, तेच पुढे प्रवीण मसालेवाले. कांदा-लसूण मसाला कमलबाईंच्या हातचा, हे आज सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांचं नाव निदान सांगितलं जातं. लहान गावांतल्या शेकडो दुकानांत, गिरण्यांत, खानावळींत ते सांगितलंही जात नाही आणि लिहिलंही जात नाही. सांगितलं गेलं नाही तर फार तर मन दुखावतं. लिहिलं गेलं नाही, तर काय होतं ते ऐका.

नाना गेले ते डिसेंबर २०१८ मध्ये, झोपेतच. लग्नसराई तोंडावर. तेराव्यापर्यंत घरात कुणी दुकानाचा विषय काढला नाही. काढायचा नसतो असं आपल्याकडे मानतात, आणि दुःखात सुचतही नाही. चौदाव्या दिवशी भाऊजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी शटर उघडलं. दुपारपर्यंत बँकेतून फोन. नानांच्या नावाचं करंट खातं थांबवलेलं. नानांनी पुण्याच्या होलसेलवाल्याला पुढच्या तारखांचे तीन चेक दिले होते, ते खातेदार मयत म्हणून परत गेले. होलसेलवाला वाईट माणूस नव्हे, वीस वर्षांचा संबंध. पण तोही म्हणाला, ‘‘यापुढे मी कुणाशी बोलायचं, तेवढं मला सांगा.’’

तेच तर आम्हाला माहीत नव्हतं!

मग सीएंकडे गेलो. त्यांनी जे सांगितलं, ते तोपर्यंत आमच्यातल्या कुणाला, अगदी एम. ए. झालेल्या मलाही माहीत नव्हतं. नाना दुकानाचे एकटे मालक होते. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं दुकान अशी वेगळी वस्तू नव्हतीच. दुकान म्हणजे नाना. जीएसटी २०१७ च्या जुलैत आला, तेव्हा त्याचा नंबर निघाला तो नानांच्या पॅनवर. नाना गेले, आता त्या नंबरावर बिल फाडायचं नाही. वारसाला दुकान चालवायचं तर त्यानं स्वतःची नवी नोंदणी करायची, त्यासाठी ३० दिवसांत अर्ज करायचा. त्यातले निम्मे दिवस तर आमचे दिवसकार्यातच गेलेले. भरलेल्या मालावरचं जे क्रेडिट नानांच्या नंबरावर शिल्लक होतं, ते नव्या नंबरावर आणायला आणखी एक फॉर्म, त्याला आयटीसी-०२ म्हणतात. आणि हे सगळं ‘वारसाने’ करायचं. कोणत्या? मृत्युपत्र नव्हतं. हिंदू वारसा कायद्यानं सासूबाई, दोन मुलगे आणि एक मुलगी, चौघांचा सारखा वाटा. चौघांचं ठरेपर्यंत नवं भागीदारी पत्र नाही, भागीदारी पत्राशिवाय नवा नंबर नाही, नंबराशिवाय बँकेत खातं नाही, खात्याशिवाय माल नाही. दुकानात काचेच्या कपाटांत भांडी चमकत होती आणि आम्ही शटर अर्धं ओढून बसलो होतो.

त्यात गाळामालकांची नोटीस आली. गाळा जुना, भाड्याचा. पावती नानांच्या नावाची. ‘‘भाडेकरू मयत झाले, तरी गाळ्याचा ताबा द्यावा.’’ पेठेतली मोक्याची जागा, त्यांचीही नजर होतीच.

आमच्या वकीलबाईंनी नोटीस वाचली आणि पहिला प्रश्न विचारला, ‘‘नाना गेले त्या वेळी त्यांच्याबरोबर हा धंदा घरातलं कोण करत होतं?’’ भाऊजी म्हणाले, ‘‘मी. सहा वर्षं झाली.’’ त्या म्हणाल्या, ‘‘पुरावा? पगार घेत होता? कुठे सही?’’ भाऊजी गप्प. पगार कसला, लागतील तसे गल्ल्यातून घ्यायचे! तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, ‘‘मी बसत होते. अडतीस वर्षं.’’ आवाज इतका हळू, की वकीलबाईंनी पुन्हा विचारलं.

झालं असं, की महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात धंद्यासाठी दिलेल्या जागेचा भाडेकरू वारला, तर त्याच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत त्या जागेत तो धंदा करणारी घरातली व्यक्ती भाडेकरू धरली जाते. सासूबाईंच्या वाटेवर फक्त एक ‘पुरावा’ आडवा होता. मी आणि माझ्या जावेनं माळ्यावर चढून जुन्या कच्च्या वह्या काढल्या. झुरळांनी कडा खाल्लेल्या, लाल कापडाच्या. उघडल्या आणि काय सांगू! पानापानावर दोन अक्षरं. सकाळ-संध्याकाळचं नानांचं तिरपं, घाईचं. आणि मधल्या नोंदी सासूबाईंच्या, गोल, सुटसुटीत, तारखेसकट. ‘परात १, डबे ४, मोड वजा, बाकी येणे’. वर्षानुवर्षं, रोज दुपारी. वकीलबाईंनी त्यातल्या वह्या निवडून नोटिशीला उत्तर दिलं. प्रकरण कोर्टात गेलं नाही. गाळामालकांनी भाडं वाढवून घेतलं आणि पावती सासूबाईंच्या नावानं झाली. (लिव्ह अँड लायसन्सवर घेतलेल्या गाळ्याची गोष्ट वेगळी बरं का. तिथे मुदत संपली की संपली. आपला गाळा कोणत्या प्रकारचा आहे, हे आधी बघा.)

म्हणजे बघा, ज्या बाईचं नाव कुठेच नव्हतं, तिच्या अक्षरानं जागा वाचवली. पण हा नशिबाचा भाग होता. वह्या रद्दीत गेल्या असत्या तर?

आता एक गोष्ट सांगायला मला जड जाते आहे, पण लिहायला बसले आहे तर लिहितेच. नणंदेनं हक्कसोड पत्रावर सही करायला नकार दिला. आपल्याकडे रीतच पडली आहे; बाप गेला की बहिणीनं हसत येऊन सही करायची, साडीचोळी घ्यायची आणि माहेर ‘राखायचं’. ती म्हणाली, ‘‘माझा वाटा मला द्या. एकदम नका देऊ, पण द्या.’’ तेव्हा मला तिचा भयंकर राग आला. दुकान बंद पडायला आलंय आणि हिला वाट्याचं पडलंय, असं मी चारचौघांत बोलून गेले. घरात आठ दिवस कुणी कुणाशी नीट बोललं नाही. मग वकीलबाईंनीच समजावलं, की वारसांपैकी कुणाला आपला वाटा विकायचा असेल, तर तो विकत घेण्याचा पहिला हक्क कायद्यानं बाकीच्या वारसांना आहे; तेव्हा किंमत ठरवा आणि रीतसर घ्या. मालाची मोजदाद झाली. येणं-देणं मांडलं. तीन वर्षांच्या हप्त्यांत तिला पैसे द्यायचे ठरले. आज मला वाटतं, तिनं तेव्हा भिडेपोटी सही केली असती, तर तो सल दहा वर्षांनी कुठल्या तरी मुंजी-लग्नात वर आला असता आणि पुन्हा दुकानावरच येऊन आदळला असता. ज्याला दुकानात बसायचं नाही, त्याचा हिशेब चोख मिटवणं, हा दुकान टिकवण्याचाच भाग आहे. मी हे तिला अजून तोंडावर सांगितलेलं नाही. या लेखातून कळेलच तिला.

दुकान पुन्हा उघडलं ते अक्षय्य तृतीयेला, मे २०१९ मध्ये. जवळजवळ सगळी लग्नसराई हातची गेली. पाच महिने! कित्येक जुनी गिऱ्हाइकं शेजारच्या गावातून रुखवत घेऊन आली, त्यांना तरी दोष कसा द्यायचा?

माझ्या नवऱ्याला नोकरी, त्यानं आपला वाटा आईच्या नावे सोडला. भागीदार तिघं झाले: सासूबाई, भाऊजी आणि माझी जाऊ. तिघंच का, त्यालाही कारण आहे. भागीदारीचा कायदा १९३२ चा. करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर एक भागीदार वारला की भागीदारी मोडते. म्हणून ‘एक भागीदार गेला तरी उरलेले फर्म पुढे चालवतील’ असं कलम घालून घ्यायचं. पण नवरा-बायको दोघंच भागीदार असतील, तर ते कलमही उपयोगाचं नाही. दोघांतला एक गेला, तर उरलेल्या एकट्याची भागीदारी कुणाशी? हे ऐकल्यावर सीएंच्या ऑफिसात बसलेल्या आणखी दोन दुकानदारांनी माना वर केल्या. दोघांच्याही फर्ममध्ये नवरा-बायकोच!

करारात आणखी एक गोष्ट सासूबाईंनी स्वतः घालायला लावली. काम करणाऱ्या प्रत्येक भागीदाराला दरमहा पगार. भाऊजी म्हणाले, ‘‘आई, घरातल्या घरात पगार कसला?’’ त्या म्हणाल्या, ‘‘घरातल्या घरात होतं, म्हणूनच तर पुरावा नव्हता ना तुझ्याकडे?’’

त्या बंद पडलेल्या महिन्यांत मी कुठेसं एका जपानी घराण्याबद्दल वाचलं होतं. जगातला सर्वांत जुना घरगुती धंदा म्हणून त्यांचं नाव घेतात. ओसाका शहरातले देवळं बांधणारे सुतार, कोंगो गुमी. सुरुवात इसवी सन ५७८ मध्ये. बदामीची लेणी बघितली असतील तुमच्यापैकी काहींनी, तिथल्या तिसऱ्या लेण्यातला शिलालेख त्याच वर्षाचा. तेव्हापासून पिढ्यामागून पिढ्या एकाच घराण्याकडे हा धंदा. कसा टिकला? तर थोरला मुलगा म्हणून गादी, असा हट्ट त्यांनी धरला नाही. ज्याला काम येतं त्याच्याकडे कारभार. लायक मुलगा नसेल तर जावई दत्तक घ्यायचा, घराण्याचं नाव त्याला द्यायचं. १९३० च्या दशकात मंदीत त्यांच्या सदतिसाव्या प्रमुखानं कर्जाच्या चिंतेनं आत्महत्या केली. तेव्हा अडतिसावी प्रमुख झाली त्याची बायको, योशिए. दुसऱ्या महायुद्धात देवळांची कामं थांबली, तेव्हा त्यांच्या कारागिरांनी लाकडी शवपेट्या केल्या, पण हात चालू ठेवला.

हे वाचताना मला सासूबाई दिसत होत्या. पण त्यांची गोष्ट तिथेच संपत नाही. एवढं चौदाशे वर्षं टिकलेलं घराणं २००६ साली बुडालं आणि धंदा दुसऱ्या कंपनीनं घेतला. कशामुळे? देवळांची कामं कमी झाली होती हे खरं. पण कंबर मोडली ती जमिनीच्या भाव-तेजीत धंद्याच्या जिवावर कर्ज काढून घेतलेल्या जमिनींनी. भाव पडले, कर्ज उरलं.

ओसाका राहू द्या, आपल्या पेठेत बघा. सीसी काढायची मालासाठी आणि त्यातून घ्यायचा प्लॉट. किंवा मुलीचं लग्न. किंवा नवी गाडी, दुकानदाराच्या प्रतिष्ठेला शोभेलशी. दिवाळीत माल भरायची वेळ आली की खातं आधीच काठोकाठ. दुकान चालत नाही म्हणून बुडालेली दुकानं मी थोडी पाहिली. चालत्या दुकानाच्या गल्ल्यात घरानं हात घालून घालून बुडालेली जास्त. आणि या बाबतीत आपण बायकासुद्धा धुतल्या तांदळासारख्या नाही बरं! ‘‘जरा गल्ल्यातून पाचशे आणा’’ हे वाक्य मी स्वतः किती वेळा म्हटलं असेन. त्याची नोंद? कुठेच नाही. मग महिनाअखेर नाना म्हणायचे, ‘‘धंदा दिसतो, पैसा दिसत नाही.’’ दिसणार कसा? तो आमच्या पिशवीतून भाजीत गेलेला असायचा.

सासूबाईंनी पगार सुरू केला त्याचा खरा उपयोग इथे झाला. घर पगारावर चालायचं, गल्ला दुकानाचा. पहिलं वर्ष फार चिडचिड झाली. पाहुणे आले, देणगी मागायला मंडळवाले आले, की हात आपोआप गल्ल्याकडे जायचा. पण २०२० चा लॉकडाउन आला, पुन्हा लग्नसराईतच दुकान बंद, तेव्हा या शिस्तीनं तारलं. मे २०२० मध्ये केंद्र सरकारनं छोट्या धंद्यांसाठी तारणाशिवाय जादा कर्जाची योजना आणली. आधीच्या कर्जाची जी बाकी असेल, तिच्या २० टक्के. फर्मच्या नावावर छोटीशी सीसी होती, नोंदणी होती, कागद जागेवर होते, म्हणून मिळालं. रक्कम फार नव्हती. पण होलसेलवाल्याचं जुनं देणं त्यातून भागलं, आणि दुकानं उघडल्यावर त्यानं पहिला माल आम्हाला पाठवला. गच्ची गळत होती, तेव्हा त्याच पैशातून डांबर मारून घेऊ असं माझ्या नवऱ्यानं सुचवून बघितलं. सासूबाईंनी नुसतं बघितलं त्याच्याकडे. त्या पावसाळ्यात आम्ही बादल्या लावल्या.

हे सगळं वाचून एखादीला वाटेल, चला, उद्याच नवऱ्याला सांगते, माझं नाव घाल. थांबा जरा. नुसतं नाव म्हणजे भूषण नव्हे. भागीदार झालात, की फर्मच्या कर्जाला तुम्हीही जबाबदार, आणि ती जबाबदारी तुमच्या वाट्यापुरती नसते. घरदार, दागिन्यांपर्यंत पोहोचू शकते. माझ्या ओळखीच्या एका बाईंच्या नावावर नवऱ्यानं खताची एजन्सी काढली, कारण महिलेच्या नावावर कर्ज लवकर होतं असं कुणी तरी सांगितलं. त्या कधी दुकानात गेल्याही नाहीत. चेकबुक आलं की सगळ्या चेकवर सह्या करून द्यायच्या, एवढंच त्यांचं काम. चेक परत गेला तेव्हा केस कुणावर झाली? त्यांच्यावर. चेक न वटल्याच्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. त्या बाई तालुक्याच्या कोर्टात तारखेला यायच्या तेव्हा बाकावर पदर ओढून बसायच्या. कोऱ्या चेकवर सही करू नका. नवरा कितीही चांगला असला तरी. चांगल्या नवऱ्यालाही वाईट दिवस येतात.

काम माहीत, हिशेब माहीत आणि नावही, असं तिन्ही एकत्र पाहिजे. आमच्याकडे सासूबाईंना पहिली दोन होती, तिसरं नव्हतं. त्या बाईंकडे फक्त तिसरं होतं.

तेव्हा येत्या रविवारी, दुकान बंद असेल त्या दुपारी, घरात विषय काढा. गाळ्याची पावती कुणाच्या नावाची? उधारीची बाकी घरातल्या दुसऱ्या माणसाला कळेल अशी लिहिलेली आहे का, की सगळं एकाच डोक्यात? कर्ज किती, कशासाठी घेतलेलं? मृत्युपत्र केलंय का? ‘‘अशुभ बोलू नकोस’’ असं उत्तर येईल, ते गृहीत धरा. मृत्युपत्र साध्या कागदावर होतं, दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही, स्टॅम्पही लागत नाही. आणि ‘बँकेत नॉमिनी तुझंच नाव आहे की’ यावर गप्प बसू नका. नॉमिनी म्हणजे पैसे ताब्यात घेणारा, मालक नव्हे. वारसांचा हक्क तसाच राहतो. एका दुपारी सगळी उत्तरं मिळणार नाहीत. आमच्या शेजारच्या किराणावाल्या काकूंना तीन महिने लागले, आणि शेवटी काकांनी रागानं फाइलच पुढ्यात आपटली. चालेल. फाइल तर आली!

सासूबाई आता पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत. दुपारी दुकानात अजून जातात, पण गल्ल्यावर जाऊ असते. नाव घालायचं मशीनही तिनंच हातात घेतलंय. तिचं अक्षर सासूबाईंइतकं गोल नाही, पण बरं आहे. गेल्या धनत्रयोदशीला सासूबाईंनी स्वतःसाठी एक पितळी घंगाळ पसंत केलं. पन्नास वर्षं भांड्यांच्या दुकानात काढली, पण स्वतःच्या हौसेचं भांडं त्यांनी कधी घेतलं नव्हतं म्हणे. भाऊजींनी ते कपाटातून काढून पिशवीत घातलं आणि म्हणाले, ‘‘घेऊन जा आई.’’

त्यांनी पिशवी परत काउंटरवर ठेवली. कमरेची पर्स काढली, पगाराच्या नोटा मोजल्या आणि जावेला म्हणाल्या, ‘‘बिल फाड. जीएसटीसकट.’’